बिटकॉइनच्या साखळीवर पैशांखेरीजचा डेटा : ठेवायचा कुठे आणि कोणाच्या खर्चानं?

नोडवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन कोअरची, म्हणजे बिटकॉइनच्या सर्वाधिक वापरातल्या सॉफ्टवेअरची, ३०वी आवृत्ती आली, तेव्हापासून ओपी रिटर्नच्या, म्हणजे व्यवहारात डेटा ठेवायच्या जागेच्या, वाढवलेल्या मर्यादेवरून ग्रुपाग्रुपांत भांडणं चालली आहेत. आपल्याकडे यावर मराठीत सविस्तर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून हा धागा. मी घरी नोड, म्हणजे सगळे व्यवहार तपासून पुढे पाठवणारं मशीन, चालवतो आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. लांबलचक झालंय, निवांत वाचा.

पैशांशी संबंध नसलेला मजकूर साखळीवर, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) एकापुढे एक जोडलेल्या ब्लॉकचेनवर, पहिल्या दिवसापासून आहे. पहिल्याच ब्लॉकमध्ये ३ जानेवारी २००९च्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा आहे: बँकांना दुसऱ्यांदा सावरायच्या बेतात असलेल्या ब्रिटिश अर्थमंत्र्यांबद्दलचा. मायनरला, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्याला, कॉइनबेस व्यवहारात (ब्लॉकमधल्या पहिल्या, नवी नाणी देणाऱ्या व्यवहारात) जास्तीत जास्त १०० बाइटची जागा असते, तिथे बिटकॉइनचा निर्माता नाकामोतोनं तो टाकला. जुन्या आवृत्तीनं उतरवलेली पहिली ब्लॉक फाइल लिनक्सवर 'स्ट्रिंग्ज' कमांडला दिली की हा मथळा सरळ वाचता येतो. २०२४च्या २८व्या आवृत्तीपासून नव्यानं बसवलेल्या नोडवर तसा दिसत नाही, कारण ब्लॉक फाइली आता एका किल्लीशी एक्सऑर करून (बाइट बदलून) डिस्कवर लिहिल्या जातात. कुणी व्यवहारात व्हायरसची ओळखखूण घुसवली तर अँटीव्हायरस अख्खी ब्लॉक फाइलच उचलून बाजूला टाकेल, ही त्यामागची धास्ती. म्हणजे साखळीवर काहीही येऊ शकतं हे गृहीत धरूनच सॉफ्टवेअर लिहावं लागतं.

१०० बाइटची ती जागा मायनरचीच. बाकीच्यांनी दुसरी वाट काढली. बिटकॉइनचा जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे आत २० बाइटचा हॅश, म्हणजे गणितानं काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. तो खऱ्या किल्लीचा आहे की कुणाच्या कवितेतली वीस इंग्रजी अक्षरं आहेत, हे नोडला कळायला काही मार्ग नाही. २०११ मध्ये क्रिप्टोग्राफर लेन सॅसामन गेले, तेव्हा डॅन कॅमिन्स्की यांनी त्यांचं अक्षरचित्र अशाच खोट्या पत्त्यांमध्ये कोरलं. २०१३ मध्ये तर बिटकॉइनच्या मूळ शोधनिबंधाची अख्खी पीडीएफ एका व्यवहाराच्या नऊशेहून जास्त आउटपुटांमध्ये (पैसे जमा होतात त्या नोंदींमध्ये), मल्टिसिगच्या, म्हणजे अनेक किल्ल्यांच्या रचनेतल्या, खोट्या किल्ल्या म्हणून, भरली गेली.

आता याची किंमत बघा. ८० हजार बाइटचं एक चित्र खोट्या पत्त्यांत टाकायचं तर ४,००० आउटपुट लागतात. प्रत्येकात किमान ५४६ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) घालायचे, ते कायमचे गेले, एकूण ०.०२१८ बिटकॉइन. पण खरा फटका दुसरीकडे बसतो. ती चार हजार आउटपुटं कधीच खर्च होणार नाहीत, आणि नोडला हे कळत नाही. म्हणून ती यूटीएक्सओ संचात, म्हणजे न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत, कायमची राहतात. प्रत्येक नवा व्यवहार तपासताना नोड या यादीत शोधतो. ब्लॉक जुने झाले की प्रून करून टाकता येतात, ५५० एमबीपर्यंत खाली येता येतं. ही यादी मात्र टाकता येत नाही. ज्यांनी जुन्या हार्ड डिस्कवर पहिलं सिंक करून पाहिलंय त्यांना यादी फुगली की काय होतं ते सांगायला नको.

ओपी रिटर्न आलं ते याच कारणानं. या सूचनेनं सुरू होणारं आउटपुट कधीच खर्च होऊ शकत नाही हे उघड असतं, त्यामुळे नोड ते यादीत घेतच नाही. मार्च २०१४ मध्ये ०.९ आवृत्तीनं ४० बाइटपर्यंतचं ओपी रिटर्न पुढे पाठवायला सुरुवात केली, आणि रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं की साखळीवर डेटा साठवण्याला हा पाठिंबा नाही. यादी फुगवणाऱ्या युक्त्या थांबाव्यात म्हणून हे करतोय. पुढच्या वर्षी ४० चे ८० झाले. (देवनागरीत लिहायचं तर एका अक्षरखुणेला तीन बाइट जातात, म्हणजे ८० बाइटमध्ये काना-मात्रा धरून २६ खुणा. एक ओळसुद्धा धड मावत नाही.)

मग २०१७ मध्ये सेगविट हा नियमबदल आला. विटनेसमधल्या, म्हणजे व्यवहारातल्या सह्यांच्या भागातल्या, बाइटला एक वजन आणि बाकीच्या बाइटला चार, असा हिशेब ठरला आणि ब्लॉकची मर्यादा ४० लाख वजन झाली. २०२१च्या टॅपरूट या बदलानं स्क्रिप्टवरची (पैसे खर्चायच्या अटींच्या मजकुरावरची) दहा हजार बाइटची मर्यादा काढली. या दोन गोष्टी जोडून केसी रोडारमोर यांनी जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डिनल्स ही साखळीवर चित्रं कोरायची पद्धत आणली; अशा कोरलेल्या डेटाला इन्स्क्रिप्शन म्हणतात. स्क्रिप्टमध्ये आधी 'खोटं', मग 'जर', मग ५२० बाइटचे तुकडे करून चित्र, शेवटी 'जर संपलं'. अट कधीच खरी होत नाही, म्हणून मधला भाग कधी चालत नाही. तो फक्त तिथे असतो. १ फेब्रुवारी २०२३ला एकाच चित्रानं जवळजवळ ४ एमबीचा ब्लॉक भरला.

माझं म्हणणं एवढंच आहे. साखळीवर डेटा येणं मर्यादेच्या आकड्यानं थांबलेलं नाही. तो कुठल्या जागी बसतो यानं नोडवाल्यांचं भलंबुरं ठरतं. सोसायटीच्या जिन्यात कुणी वॉचमनला एकदाच पैसे देऊन कपाट ठेवावं तसं हे आहे: फी एकदाच, तीही मायनरला, आणि वाट अडते ती रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची. म्हणून डेटा टाकायचाच असेल तर तो टाकून देता येईल अशा जागी टाका, शक्य तितका कमी टाका, आणि बहुतेक वेळा फक्त हॅश टाका.

तुमची मतं लिहा. वेगळं मत असेल तर अवश्य लिहा.

अनुजा_पुणे

उत्तम लेख. एक शंका. ८० बाइट पुरत होते, असं तुमच्याच लिखाणातून वाटतं. मग ३०व्या आवृत्तीत मर्यादा एकदम एक लाख बाइटवर नेण्याची गरज काय होती?

नोडवाला_नाशिक

अनुजाताई, निमित्त झालं सिट्रिया नावाच्या प्रकल्पाचं. त्यांच्या पुलाच्या (बिटकॉइन दुसऱ्या जाळ्यात नेण्या-आणण्याच्या सोयीच्या) रचनेत वाद उद्भवला तर १४४ बाइटचा पुरावा साखळीवर ठेवावा लागतो. ८० मध्ये तो मावत नव्हता, म्हणून उरलेला भाग कधीच खर्च होणार नाहीत अशा टॅपरूट पत्त्यांत टाकायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे मर्यादेनं डेटा थांबला नाही, उलट यादीत जाऊन बसला. कोअरचे विकासक अँत्वान प्वँसो यांनी हे दाखवून दिलं. एप्रिल २०२५ मध्ये पीटर टॉड यांनी मर्यादा काढण्याचा बदल मांडला, त्यावर प्रचंड वाद झाला, आणि शेवटी जूनमध्ये ग्रेग सँडर्स यांचा बदल स्वीकारला गेला.

एक लाख हा आकडाही मोठा वाटतो तेवढा नाही. चार लाख वजनाहून जड व्यवहार नोड तसाही पुढे पाठवत नाहीत. ओपी रिटर्नच्या बाइटला वजन चार, म्हणजे झाले एक लाख. शिवाय तेवढाच डेटा विटनेसमध्ये टाकला तर फी चौथाईवर येते. साधारण १४३ बाइटच्या आत ओपी रिटर्न स्वस्त, त्यापुढे इन्स्क्रिप्शन स्वस्त. चित्रवाला माणूस महाग जागेत कशाला येईल?

गोदाकाठ

नोडवाला, तुमचा इतिहास बरोबर आहे. निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. मी कोअरऐवजी नॉट्स हे सॉफ्टवेअर चालवतो. ल्यूक डॅशजूनियर यांची ही आवृत्ती माझ्याकडे ४२ बाइटच्या पुढचं ओपी रिटर्न पुढे पाठवत नाही आणि इन्स्क्रिप्शनही अडवते. माझ्यासारखे अनेक आहेत. २०२५च्या शरदापर्यंत दिसणाऱ्या नोडांपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त नॉट्सचा झाला होता. इतक्या लोकांनी काय उगीच सॉफ्टवेअर बदललं?

मशीन माझं, वीज माझी, इंटरनेटचं बिल माझं. हे जाळं पैसे इकडून तिकडे पाठवण्यासाठी आहे म्हणून मी ते फुकट चालवतो. कुणाच्या माकडाचं चित्र माझ्या मशीनवरून पुढे जावं की नाही हे मी ठरवणार. चोर खिडकीतून येतो म्हणून दार उघडं टाकायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही.

आणि फीचं बोलताय तर मे २०२३ आठवा. बीआरसी-२० नावाच्या टोकनांनी मेमपूलमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या रांगेत, चार लाखांहून जास्त व्यवहार तुंबले होते, बायनान्स या एक्स्चेंजला बिटकॉइन काढणं काही काळ थांबवावं लागलं होतं. ज्याला घरी शे-दोनशे रुपये पाठवायचे होते त्यानं काय करायचं? हे लोक फी भरतात म्हणून त्यांचा हक्क, असं म्हणणाऱ्यांना त्या माणसाचं काही देणंघेणं नाही.

पूर्वतट

बॉस्टनहून लिहितोय, नेटवर्किंगमध्ये काम करतो. गोदाकाठ, तुमची तळमळ कळते आणि 'मशीन माझं' हा मुद्दा शंभर टक्के योग्य आहे. फक्त अडवण्याचा परिणाम काय होतो तेवढं मांडतो.

नोड पुढे पाठवत नाहीत असे व्यवहार मायनरकडे सरळ जातात. मॅरेथॉन डिजिटल या मोठ्या मायनिंग कंपनीनं २०२४ मध्ये स्लिपस्ट्रीम नावाची सोय त्यासाठीच काढली. म्हणजे मोठ्या मायनरला जादा कमाईचं साधन मिळतं आणि छोट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरं, ब्लॉक पसरण्याचा वेग. २०१६ पासून नोड एकमेकांना कॉम्पॅक्ट ब्लॉक पाठवतात: पूर्ण व्यवहार नाही, फक्त छोट्या खुणा. व्यवहार तुमच्या मेमपूलमध्ये आधीच असले की ब्लॉक जागच्या जागी जुळवता येतो. तुम्ही काही व्यवहार नाकारले असतील तर ते परत मागवावे लागतात, आणि ब्लॉक तुमच्यापाशी रेंगाळतो. असं बरेच नोड करू लागले की शेवटी ज्याच्याकडे स्वतःचं वेगवान जाळं आहे त्या मोठ्या मायनरचा फायदा. जूनमध्ये कोअरच्या एकतीस योगदानकर्त्यांनी जे निवेदन काढलं त्याचा गाभा हाच होता.

गोदाकाठ

पूर्वतट, मुद्दा रास्त आहे, विचार करायला लावणारा आहे. तरी माझं मत तेच. चालकांना ठरवू द्या. डीफॉल्ट बदलणं म्हणजे ज्यांनी विचार केलेला नाही त्यांच्या वतीनं ठरवणं.

नोडवाला_नाशिक

डीफॉल्टला वजन असतं, हे मान्य. म्हणूनच ३०व्या आवृत्तीत मर्यादा स्वतः ठरवायचा पर्याय शिल्लक ठेवला आहे हे चांगलं झालं. ज्याला ८३ (८० बाइटचा डेटा आणि सोबतचे तीन बाइट) ठेवायचे त्यानं कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहावी.

पण बीआरसी-२० चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते टोकन म्हणजे चार ओळींचा मजकूर, आकारानं किरकोळ, आणि तो मजकूर बसला विटनेसमध्ये. त्रास दिला तो प्रत्येक टोकनामागे उरणाऱ्या शे-पाचशे सातोशींच्या आउटपुटांनी. २०२३च्या सुरुवातीला यूटीएक्सओ यादीत साधारण साडेआठ कोटी नोंदी होत्या, दोनेक वर्षांत त्या जवळपास दुप्पट झाल्या. चित्रांच्या एमबींवर सगळे बोलतात, या नोंदींवर कुणी बोलत नाही. स्टॅम्प्स नावाचा प्रकार तर मुद्दाम बेअर मल्टिसिगमध्ये, म्हणजे खोट्या किल्ल्यांच्या उघड आउटपुटांमध्ये, डेटा टाकतो, 'कुणाला काढता येऊ नये' म्हणून. मला राग येतो तो त्याचा. ८३ बाइटच्या फिल्टरला हे सापडतसुद्धा नाही.

मेधा_वकील

कायद्याच्या बाजूनं थोडं लिहिते, कारण घरी नोड चालवणारे बरेच जण यावर मेसेज करून विचारतात.

आक्षेपार्ह मजकूर साखळीवर येण्याची भीती काल्पनिक नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या गटानं २०१८ मध्ये बिटकॉइनच्या साखळीत सुमारे १,६०० फाइली शोधल्या होत्या, त्यात लैंगिक मजकुराच्या काही होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीएसव्ही या बिटकॉइनपासून फुटून निघालेल्या नाण्याच्या साखळीवर बाल लैंगिक शोषणाची चित्रं टाकली गेल्याचं बीबीसीनं दिलं होतं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि पॉक्सोचं कलम १५ आहे. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात कलम १५ मधल्या साठवणुकीचा आणि ताब्याचा अर्थ व्यापक लावला. या कलमांमध्ये माणसाला काय माहीत होतं आणि त्याचा हेतू काय होता याला मोठं महत्त्व आहे. त्यामुळे माझा सल्ला साधा: नोड चालवा, पण साखळीतली चित्रं काढून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर सार्वजनिक ठेवू नका. पूर्ण इतिहास लागत नसेल तर प्रून करा.

दुसरा मुद्दा मला जास्त जवळचा. वैयक्तिक माहिती साखळीवर ठेवू नका, तिचा साधा हॅशसुद्धा ठेवू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती खोडून मागण्याचा हक्क दिला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. साखळीवरून काय खोडणार?

अनुजा_पुणे

मेधाताई, हॅश उलटा करता येत नाही ना? मग त्याला हरकत का?

पूर्वतट

मी सांगतो. हॅश उलटा करता येत नाही, पण सगळ्या शक्यता पुढून मोजता येतात. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ पैकी एकानं. झाल्या ४०० कोटी शक्यता. गेमिंगचं बरं ग्राफिक्स कार्ड तेवढे एसएचए-२५६ काही सेकंदांत काढतं. आधार क्रमांकाचे बारा आकडे असले तरी काही मिनिटांचं काम. म्हणून हॅश काढण्याआधी त्यात लांब यादृच्छिक आकडा मिसळायचा आणि तो आकडा साखळीबाहेर, स्वतःपाशी ठेवायचा. तो नष्ट केला की साखळीवरचा हॅश कुणाशीच जोडता येत नाही. खोडण्याच्या हक्काला त्यातल्या त्यात हेच उत्तर आहे.

मेधा_वकील

अगदी बरोबर. संस्थांशी करार करताना मी हेच कलम आग्रहानं घालते.

वैनगंगा

या संदर्भात आमच्या भागातलं उदाहरण. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये ६५ हजार जात प्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारानं द्यायचं ठरलं, लेजिटडॉक या कंपनीमार्फत. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळानं त्याच कंपनीबरोबर पदविकांच्या प्रमाणपत्रांसाठी इथेरियम ही दुसरी ब्लॉकचेन वापरायला घेतली होती. हेतू हा, की बनावट दाखला क्यूआर कोड तपासून लगेच ओळखता यावा.

ज्यानं जात प्रमाणपत्रासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला हे किती मोठं आहे ते कळेल. गावापासून तालुका लांब, पावसाळ्यात नाले भरलेले, एकदा मिळालेला कागद भिजला तर पुन्हा पहिल्यापासून. त्या कागदावर कॉलेजचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती अवलंबून असते. म्हणून 'साखळी फक्त पैशांसाठी' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. पण मेधाताईंचं वाचून हेही पटलं, की जात, नाव, गाव यातलं काहीही उघड साखळीवर जाता कामा नये. एखाद्या समाजाची यादी कायमची जगासमोर राहिली तर तिचा वापर कोण कशासाठी करेल?

नोडवाला_नाशिक

वैनगंगा, फार महत्त्वाचं लिहिलंत. याच्याशी जोडून एक गोष्ट. दाखला साखळीवर नोंदवला तरी मूळ नोंद देणारं कार्यालय खरं बोललं की नाही हे साखळीला कळत नाही. चुकीचा दाखला नोंदवला तर तो चुकीचाच राहील, फक्त नंतर कुणी फेरफार केला तर पकडला जाईल. आणि रद्द झालेल्या दाखल्यांची यादी कोण चालवतं, हे आधी विचारायचं.

संग्राहक_सातारा

मी तांत्रिक माणूस नाही, तरी सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या घरी आणि ओळखीच्या काही घराण्यांत मोडी कागद आहेत: वतनाच्या सनदा, महजर, जमाखर्च. त्यांची स्कॅन करण्याचं काम मी हौसेनं करतो. मला भीती वाटते की उद्या कुणी स्कॅनमध्ये एखादं नाव बदलून 'हाच मूळ कागद' म्हणून पुढे करेल. एका मुलानं सुचवलं की चित्रं थेट बिटकॉइनवर कोरा, कायमची राहतील. करावं का? आणि त्यासाठी बिटकॉइन विकत घ्यावं लागेल का? करांची भानगड मला नको आहे.

नोडवाला_नाशिक

काका, चित्रं कोरू नका. एक चांगलं टिफ स्कॅन ३०-४० एमबीचं असतं. बिटकॉइनचा सर्वात मोठा ब्लॉक ४ एमबीचा. एक सनद कोरायला दहा ब्लॉक अडवावे लागतील, आणि खर्चाचा आकडा ऐकून घरचे तुम्हाला स्कॅनरला हात लावू देणार नाहीत. तुम्हाला हवं आहे ते म्हणजे 'हे स्कॅन अमुक तारखेला याच रूपात होतं' याचा पुरावा, आणि त्याला ३२ बाइट पुरतात.

त्यासाठी ओपनटाइमस्टॅम्प्स वापरा. पीटर टॉड यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली मोफत पद्धत आहे. तुमच्या फाइलचा हॅश तुमच्याच संगणकावर निघतो; फाइल कुठेही जात नाही. हॅश कॅलेंडर सर्व्हरकडे (या पद्धतीच्या सर्व्हरकडे) जातो, तिथे हजारो लोकांच्या हॅशांचं एक मर्कल ट्री, म्हणजे जोड्यांचे पुन्हा हॅश काढत शेंड्याला एकच हॅश उरणारं झाड, बनतं आणि फक्त त्याचा शेंडा साखळीवर जातो. व्यवहार ते करतात, फी ते भरतात. तुम्हाला एक सातोशीही विकत घ्यायला नको, त्यामुळे ३० टक्के कर आणि एक टक्का टीडीएसचा प्रश्नच येत नाही. २०१७ मध्ये इंटरनेट आर्काइव्हच्या ७५ कोटी फाइलींना याच पद्धतीनं एका व्यवहारात तारीख लावली होती. २०२३ मध्ये ग्वाटेमालाच्या निवडणुकीत मतमोजणीच्या तक्त्यांसाठीही हीच वापरली.

साखळीवर काय दिसतं तेही सांगतो. पहिला बाइट ६ए, म्हणजे ओपी रिटर्न. दुसरा २०, हा हेक्समधला, म्हणजे पुढे ३२ बाइट आहेत. मग ते ३२ बाइट. संपलं. एकूण ३४. यादीत एकही नोंद वाढत नाही. गोदाकाठ यांच्या नॉट्सलाही हे चालतं, ४२च्या आत बसतं!

काळजी दोनच गोष्टींची घ्या. मूळ स्कॅन जसंच्या तसं जपा. व्हॉट्सॲपवरून पाठवलं, फिरवून पुन्हा सेव्ह केलं किंवा जेपीजी केलं की हॅश बदलतो आणि पुरावा जुळत नाही. आणि सोबत जी छोटी 'ओटीएस' फाइल मिळते ती स्कॅनच्या शेजारीच ठेवा. झाडातली वाट तिच्यातच असते, ती हरवली तर शेंडा असून उपयोग नाही. सुरुवातीला ती अपुरी असते. काही तासांनी 'अपग्रेड' करा, म्हणजे ब्लॉकपर्यंतचा पूर्ण मार्ग तिच्यात येतो आणि नंतर कॅलेंडर बंद पडलं तरी अडत नाही.

गोदाकाठ

याला माझा मनापासून पाठिंबा. असा वापर कुणी केला तर माझी काहीच तक्रार नाही.

पूर्वतट

काका, तपासताना पूर्ण साखळीही लागत नाही. ब्लॉकचं शीर्ष ८० बाइटचं, २०२५च्या अखेरपर्यंत सव्वानऊ लाखांच्या आसपास ब्लॉक झाले, म्हणजे सगळी शीर्षं मिळून ७५ एमबीच्या आत. प्रून केलेला नोड सहज पुरतो. फक्त ब्लॉकवरची वेळ तास-दोन तास इकडेतिकडे असू शकते. सनदेच्या कामाला त्यानं फरक पडत नाही.

साखळीप्रेमी_ठाणे

धाग्यात इथेरियमचा फक्त उल्लेख आला म्हणून भर घालतो. तिथे मार्च २०२४ मध्ये ब्लॉब, म्हणजे तात्पुरत्या डेटाचे गठ्ठे, आले. एक ब्लॉब १२८ केबीचा, त्याची फी वेगळ्या बाजारात ठरते, आणि साधारण अठरा दिवसांनी नोड तो टाकून देतात. साखळीवर राहतो तो फक्त त्याचा छोटा, हॅशसारखा ठसा. दुसऱ्या स्तरावरच्या (इथेरियमच्या वर चालणाऱ्या) जाळ्यांना डेटा तेवढाच काळ उघड असणं पुरतं. डेटाला मुदत असू शकते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. उलट टोक म्हणजे बीएसव्ही: ब्लॉक गीगाबाइटमध्ये गेले, हवामानाच्या नोंदींपासून वाट्टेल ते साठवलं, आणि घरच्या मशीनवर नोड चालवणं अशक्य झालं.

नोडवाला_नाशिक

ठाणेकर, ब्लॉबची रचना मलाही आवडते. बिटकॉइनमध्ये प्रूनिंगचा निर्णय प्रत्येक नोडवर सोडलेला आहे, तरी नवा नोड उभा करायला कुणाकडे तरी सगळे जुने ब्लॉक लागतात. आज ते साडेसहाशे जीबीच्या पुढे गेले आहेत.

अनुजा_पुणे

शेवटचा प्रश्न. सॉफ्ट फोर्क (जाळ्याचे नियम कडक करणारा बदल) करून मोठा डेटा वर्षभरासाठी नियमातच बंद करायचा प्रस्ताव आलाय ना? तुमचं मत?

नोडवाला_नाशिक

हो, ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस तो मांडला गेला. ओपी रिटर्न ८३ बाइट, बाकी आउटपुट स्क्रिप्ट ३४ बाइट, डेटाचा एक तुकडा २५६ बाइट, आणि टॅपस्क्रिप्टमध्ये (टॅपरूटच्या स्क्रिप्टमध्ये) 'जर' चालवायलाच बंदी. मी विरोधात आहे. फिल्टर ही ज्याची त्याची निवड असते. नियम बदलला की तो सगळ्यांवर बसतो. 'जर' फक्त चित्रवाले वापरत नाहीत. 'दोन वर्षं मी हललो नाही तर बायकोच्या किल्लीनं पैसे निघावेत' अशी वारसाची सोय लिहिणारी वॉलेटं तीच सूचना वापरतात. चित्रं थांबवायला त्यांच्या वाटेत आडवं येणं मला पटत नाही. शिवाय मोठे तुकडे बंद केले की डेटा छोटे तुकडे करून येईल, आणि छोटे तुकडे म्हणजे पुन्हा खोटे पत्ते, पुन्हा यादी.

गोदाकाठ

इथे आपलं जुळणार नाही. तात्पुरता का होईना, पण 'हे पैशांचं जाळं आहे' असं नियमानं एकदा सांगायला हवं असं मला वाटतं. वारसाच्या वॉलेटचा मुद्दा मात्र मी त्या प्रस्तावाच्या चर्चेत मांडतो.

संग्राहक_सातारा

सर्वांचे आभार. काल पुतण्याला बसवून पहिल्या सनदेची ओटीएस फाइल काढली. आधी 'प्रलंबित' दाखवत होतं, सकाळी अपग्रेड केल्यावर ब्लॉकचा क्रमांक आला. एक विचारायचं राहिलं: जुनी स्कॅन जेपीजीतच आहेत, मूळ टिफ उरलेली नाहीत. त्यांचं काय करू?

नोडवाला_नाशिक

जेपीजी आहेत तशाच ठेवून त्यांनाच तारीख लावा, पुन्हा सेव्ह करू नका. मूळ कागद हाताशी असतील तर सवडीनं पुन्हा टिफमध्ये स्कॅन करून त्यांनाही लावा. दोन्ही फाइलींची नावं एका वहीत लिहा आणि प्रती किमान दोन वेगळ्या घरांत ठेवा. साखळीवर फक्त हॅश आहे, कागद जपायचं काम आपल्याकडेच राहतं.